दोन कान, दोन षड्ज

हार्मोनियम सुरात लावताना कान मुख्यतः सुराच्या हलण्याकडे असतो. डबल रीडच्या पेटीत एक पट्टी दाबली की दोन रीड बोलतात. एक २७७ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला २७७ कंपनं) आणि दुसरी २७९ वर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि दोनदा बसतो. रीडच्या पितळी जिभेच्या टोकाशी हलक्या हाताने खरवडलं की रीड चढते, मुळाशी खरवडलं की उतरते. हलणं मंदावत जातं, मग थांबतं, आणि दोन रीडांचा मिळून एकच भरीव सूर उभा राहतो. वडिलांच्या हाताखाली शाळकरी वयापासून मी हेच ऐकत आलो. पुण्यात आमचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. भजनी मंडळांच्या पेट्या येतात, गाण्याच्या क्लासच्या येतात, अधूनमधून एखाद्या साथीदाराची जुनी, जर्मन रीडची पेटी येते.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी उठलो तेव्हा डाव्या कानाला दडे बसले होते आणि आत खालच्या सुरातली एक सलग घरघर चालू होती. आई म्हणाली, "मळ असेल रे, कोमट तेल सोड." मी तसाच दुकानात गेलो. एक पेटी अर्धवट लावून ठेवलेली होती. काळी एक ही पट्टी दाबली आणि मला दोन सूर ऐकू आले. एक जागेवरचा, दुसरा त्याच्या जरा वर, अर्ध्या स्वराच्या साधारण निम्मा चढलेला आणि खरखरीत. भाचा शेजारीच बसला होता. त्याला म्हटलं, "दुसऱ्या ओळीचा स्टॉपर बंद कर."

"मामा, बंदच आहे. एकच रीड वाजतेय."

चढलेल्या सुरापेक्षाही मला दुसऱ्याच गोष्टीने हादरवलं. इतक्या जवळचे दोन सूर एकत्र वाजले की ते सेकंदाला सात-आठ वेळा थरथरायला हवेत. माझ्या सगळ्या धंद्याचा पाया तोच आहे. आणि इथे दोन सूर एकमेकांना खेटून उभे होते, पण थरथर नावालाही नव्हती. उजवा कान दाबून धरला की फक्त चढलेला सूर उरायचा, डावा दाबला की फक्त जागेवरचा. हवेत सूर एकच होता. दुसरा माझ्या डोक्यात तयार होत होता.

पेटी बाजूला ठेवली आणि दुपारच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात बघितलं. पडदा स्वच्छ, मळ नाही. मग म्हणाले, "ओठ मिटून हुंकार द्या. कुठल्या कानात घुमतोय?" उजव्या, म्हणजे चांगल्या कानात घुमत होता. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एकच सूर देणारा धातूचा चिमटा, वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला, तोही उजव्याच कानात ऐकू आला. त्यांचा चेहरा गंभीर झाला. मळ किंवा सर्दीने कान बंद असता तर हुंकार बंद कानातच जास्त घुमला असता. तो चांगल्या कानाकडे पळतोय याचा अर्थ बिघाड पडद्याच्या पलीकडे आहे, आतल्या कानात किंवा नसेत.

हे मला ठासून सांगायचं आहे. अचानक एका कानाने कमी ऐकू येणं ही तातडीची गोष्ट आहे. सलग तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट तीन दिवसांच्या आत झाली, तर डॉक्टर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. दोन आठवडे उलटले की शक्यता घटत जाते. आपल्याकडे थेंब घालण्यात आणि वाफ घेण्यात नेमके हेच दिवस निघून जातात. हुंकाराची चाचणी घरबसल्या करता येते. ती डॉक्टरची जागा घेत नाही, पण हुंकार चांगल्या कानात घुमला तर आजच जायला हवं, एवढं तिच्यातून कळतं.

त्याच संध्याकाळी ऑडिओग्राम झाला. काचेच्या खोलीत, हेडफोन लावून, अगदी पुसटसा सूर आला तरी बटण दाबायचं. उजवा कान व्यवस्थित निघाला. डाव्याचा आलेख बघून मात्र पोटात गोळा आला: २५० हर्ट्झला ५० डेसिबल, ५०० ला ४५, १००० ला ३५, आणि २००० पासून पुढे जवळजवळ नॉर्मल. म्हणजे खर्जाची आणि मधल्या सप्तकाची बाजू बसली होती, वरची शाबूत होती. ऑडिओलॉजिस्ट मॅडमना मी दोन सुरांबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "एखादं औषध चालू आहे का? फिट्सचं वगैरे?" कार्बामाझेपिन नावाच्या गोळीने काही लोकांना सगळेच सूर साधारण अर्धा स्वर उतरलेले ऐकू येतात आणि गोळी थांबली की पुन्हा जागेवर येतात, हे मला तेव्हा कळलं. माझं कुठलंच औषध चालू नव्हतं. दोन कानांत एकाच सुराची दोन वेगळी स्थानं ऐकू येण्याला त्या डिप्लाक्युसिस म्हणाल्या. थोडासा फरक बहुतेकांच्या कानांत असतो आणि मेंदू तो झाकून टाकतो. माझा झाकण्यापलीकडे गेला होता.

पुढची चाचणी मी जन्मात विसरणार नाही. कानात एक मऊ बूच बसवलं, त्यात दोन बारीक स्पीकर आणि एक मायक्रोफोन. दोन सूर एकदम वाजवतात, आणि निरोगी कान आतून तिसराच सूर बाहेर पाठवतो, तो मायक्रोफोन टिपतो. खालच्या सुराची दुप्पट करून त्यातून वरचा वजा केला की त्या तिसऱ्याची फ्रिक्वेन्सी मिळते. पेटीवर दोन सूर जोरात धरले की खाली एक पुसट तिसरा सूर गुणगुणतो हे आम्हाला अनुभवाने माहीत असतं. अठराव्या शतकात इटलीतल्या तार्तिनी नावाच्या व्हायोलिनवादकाने असाच तिसरा सूर ऐकून नोंदवला होता. पण कान स्वतः आवाज निर्माण करतो हे ऐकून मी थक्क झालो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये कानातून येणारे असे आवाज पहिल्यांदा नोंदवून दाखवले. थॉमस गोल्ड यांनी त्याच्या तीस वर्षं आधी, १९४८ मध्येच, आतला कान स्वतःची शक्ती लावून सूर उचलत असणार असं मांडलं होतं, पण तेव्हा ते फारसं कुणाला पटलं नव्हतं. माझ्या उजव्या कानाने सगळीकडे उत्तर दिलं. डाव्याने वरच्या फ्रिक्वेन्सींना दिलं आणि १००० च्या आसपास तो गप्प होता.

मॅडमनी मग कागदावर शंखाचं चित्र काढलं. आतल्या कानातला कॉक्लिया हा अडीच वेढ्यांचा असतो. तो उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर लांबीची वाट निघते, आणि त्या वाटेवर बेसिलर मेम्ब्रेन नावाचा पापुद्रा ताणलेला असतो. तोंडाशी तो अरुंद आणि कडक, आतल्या टोकाशी रुंद आणि सैल. तारसप्तकाची रीड आखूड आणि खर्जाची लांब, लवचीक, वजनदार असते, तोच नियम इथे अखंड एका पापुद्र्यात उतरला आहे. सूर आला की त्यावरून लाट धावते, आपल्या जागी पोचेपर्यंत फुगत जाते आणि पुढे विरते. उंच सुराची लाट तोंडाशीच संपते, खर्जाची आत खोलवर जाते. बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली ही लाट पाहिली, आणि १९६१ चं नोबेल त्यांना मिळालं. पण मृत कानातली लाट बोथट, पसरट होती. एवढ्या बोथट लाटेवर २७७ आणि २७९ चा फरक कुणी कसा ओळखणार? जिवंत कानात तिला धार येते ती बाहेरच्या केशपेशींमुळे. एका कानात त्या सुमारे १२,००० असतात, तीन ओळींत. कंपनाच्या तालावर त्या लांबतात-आखडतात आणि लाटेला नेमक्या जागी ढकलत नेतात. मेंदूला बातमी देणाऱ्या आतल्या केशपेशी जेमतेम साडेतीन हजार, एकाच ओळीत.

डॉक्टरांचा अंदाज असा होता की माझ्या डाव्या कॉक्लियातल्या एका कप्प्यातल्या द्रवाचा दाब वाढलाय आणि आतल्या वेढ्यातल्या केशपेशींचं काम मंदावलंय. त्यांचा जोर गेला की लाटेचा माथा बोथट होतो आणि शंखाच्या तोंडाकडे, म्हणजे चढ्या सुराच्या जागेकडे सरकतो. मेंदू जागेवरून सूर वाचतो. जागा सरकली, सूर चढला.

उपचार तसे सरळ होते. वजनाच्या हिशोबाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, सकाळी खाऊन झाल्यावर, आणि मग डोस हळूहळू उतरवत न्यायचा. रात्री झोप यायची नाही, भूक सारखी लागायची, साखर तपासत राहावं लागलं. मीठ कमी केलं. लोणचं, पापड, फरसाण बंद. नसेवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआय केला, तो स्वच्छ निघाला. गोळ्यांनी फरक पडला नाही तर पडद्यातून कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. तशी वेळ आली नाही.

त्या काळात मला सर्वांत जास्त आधार दिला तो मोजण्याने. लॅपटॉपवर साधा शुद्ध सूर वाजवायचा, आधी उजव्या कानात, मग डाव्यात, आणि डाव्याचा आकडा दोन्ही सारखे ऐकू येईपर्यंत फिरवायचा. वहीत लिहायचं. सुरुवातीला उजव्याच्या ५०० शी जुळायला डाव्यात ४७२ वाजवावे लागत होते, म्हणजे बरोबर अर्धा स्वर खाली. २५० ला २३२. १००० ला फरक थोडाच, २००० ला काहीच नाही. डावा कान सगळ्या सुरांना सारखं चढवत नव्हता. खालची बाजू वाकली होती, वरची सरळ होती.

यातूनच खरखरीचा उलगडा झाला. रीडच्या सुरात मूळ सुराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट असे कित्येक उपस्वर असतात. खालचे एक-दोन चढलेल्या जागी आणि वरचे आपल्या जागी पडले तर मेंदूने त्यांची मोट कशी बांधायची? तो वरच्या उपस्वरांवरूनही मूळ सूर ओळखतो. साध्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच ऐकू येतो, तो याच गुणामुळे. म्हणून लॅपटॉपच्या शुद्ध सुरापेक्षा पेटीचा सूर मला कमी चढलेला ऐकू येत होता. शाबूत उपस्वर त्याला खाली ओढून धरत होते आणि वाकलेले त्याला कळकट करत होते.

एक प्रश्न मात्र मी मॅडमना पुन्हा पुन्हा विचारला. कानाची नस सुराच्या कंपनांच्या तालावर ठोके देते, साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत, असं वाचलं होतं. डाव्या कानात ५०० हर्ट्झचा सूर सेकंदाला ५०० वेळाच कंप पावतो. केशपेशी थकल्या म्हणून ती कंपनं ५३० होत नाहीत. सूर जर नुसत्या तालावरून ओळखला गेला असता तर मला तो जागेवरच ऐकू यायला हवा होता. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्यासारखे पेशंट संशोधकांना महत्त्वाचे वाटतात." जागेचा वाटा किती आणि तालाचा किती यावर अजून वाद चालू आहे. नुसती जागा धरली तर टेलिफोनवरचा खर्ज समजत नाही, नुसता ताल धरला तर माझा डावा कान समजत नाही. दोन्ही मिळूनच सूर बनतो असं मी माझ्या कानावरून म्हणेन.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट दुकानात घडली. उजव्या कानात फोमचा प्लग, त्यावर हाताने घट्ट दाबून धरलेली उशी, आणि फक्त डाव्या कानाने दोन नर रीड (मधल्या सप्तकाच्या) मिळवून बघायच्या असं ठरवलं. दोन्ही सूर चढलेले आणि कळकट ऐकू येत होते. पण त्यांच्यातलं हलणं स्वच्छ होतं. खरवडत गेलो, हलणं मंदावलं, थांबलं. प्लग काढून उजव्या कानाने ऐकलं: एकजीव. मोबाइलवरच्या ट्यूनरने तेच सांगितलं. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. दोन्ही रीडांच्या लाटा चुकीच्या का होईना पण एकाच जागी जाऊन पडतात, आणि त्या जागी पापुद्र्याचा एकच तुकडा दोघांनाही एकदम झेलतो. त्या दोघांची चढाओढ तिथेच होते, मेंदूने त्या जागेला कुठलंही नाव दिलं तरी. पहिल्या दिवशी दोन सूर ऐकूनही थरथर का नव्हती, हेही आता स्पष्ट झालं. ते दोन सूर वेगवेगळ्या कानांत होते, आणि हवेत भांडायला दुसरा सूर नव्हताच.

षड्ज-पंचमाची गंमत आणखी खोल आहे. डाव्या कानाने आधी सा आणि मग प असं वेगवेगळं वाजवून ऐकलं की पंचम उतरलेला वाटायचा, कारण सा जास्त चढत होता आणि प कमी. दोन्ही एकदम धरले की वेगळंच चित्र. काळी एकच्या षड्जाचा तिप्पट उपस्वर ८३१ च्या आसपास येतो आणि पंचमाचा दुप्पटही तिथेच. तिथलं हलणं मोजलं की पंचम बरोबर लागला होता. एकाच कानात गाणाऱ्याचा कान आणि पेटी लावणाऱ्याचा कान असे दोन वेगळे कान असतात हे मी तोपर्यंत कधी अनुभवलं नव्हतं. गाणारा स्वरांमधलं अंतर ऐकतो, त्याला जागांचा नकाशा सरळ लागतो. आम्ही स्वरांची टक्कर ऐकतो, आणि ती वाकड्या नकाशावरही बरोबर कळते. ट्यूनरवर तर सगळं दिसतं, मग कान कशाला, असं आजकाल बरेच जण विचारतात. ट्यूनरवर काटा एका सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाने, हलतो न हलतो, त्या जागी २७७ च्या दोन रीड सहा सेकंदांतून एकदा हलतात. तेवढं ऐकायला आजारी कानसुद्धा पुरला.

गाणं मात्र बंद होतं. रोज सकाळी तानपुरा लावून थोडं गायची मला सवय आहे. डावा कान उघडा ठेवला की आपलाच आवाज दोन ठिकाणाहून येतो आणि षड्जावर थांबताच येत नाही. मनाने मी खचलो होतो. मॅडमनी एकदा फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांच्याबद्दल सांगितलं. उतारवयात त्यांना ऐकू कमी तर येत होतंच, शिवाय खालचे आणि वरचे सूर चुकीच्या उंचीवर ऐकू यायचे. तरी ते लिहीत राहिले, आणि १९२४ मध्ये, मृत्यूच्याच वर्षी, त्यांनी एक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, पूर्ण केली. त्यांना कागदावर सूर दिसत असणार. मला कागदाची सवय नाही, पण त्या दिवसापासून वही जास्त निगुतीने भरायला लागलो.

सुधारणा वहीतच आधी दिसली. १००० ला फरक संपला. ५०० चा आकडा ४७२ वरून ४८८ वर आला, मग ४९६. घरघर कमी झाली. पुढच्या ऑडिओग्रामला ५०० आणि १००० नॉर्मलच्या जवळ होते, २५० ला ३० डेसिबलची घट राहिली. केशपेशी मेल्या असत्या तर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत; माझ्या बहुतेक दमल्या होत्या, मेल्या नव्हत्या, असं डॉक्टर म्हणाले. काही भाग मेंदूनेही सांभाळून घेतला असणार.

आज डाव्यात २४५ वाजवले की उजव्याच्या २५० शी जुळतात, आणि बऱ्याच दिवसांत तो आकडा हलला नाही. खालच्या सप्तकातल्या खर्ज रीड मी आधी वरच्या नर रीडशी जुळवतो, खर्जाच्या दुप्पट उपस्वराचं हलणं थांबेपर्यंत, आणि मग भाचा दोन्ही कानांनी ऐकून हो म्हणतो. हा आजार उलटू शकतो असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, म्हणून मीठ कमीच आहे आणि वही चालू आहे. भाच्याच्या कानांची जुळणीही आम्ही तिच्यात लिहून ठेवली. उजव्याच्या ५०० ला त्याच्या डाव्यात ५०२ लागतात. पेटीवर त्याला हा फरक कधीच ऐकू येत नाही.